मिरचीसारखा हिरवा

आधी माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला, आणि तेही हिंदी माध्यमातून. मराठी मी ऐकून शिकलो. आईची खानदेशी, बाबांची कारखान्यात घासून गुळगुळीत झालेली, आणि दोन्हींत कालवलेली माळव्याची हिंदी. मराठी पुस्तक वाचताना अजूनही ओळीखाली बोट धरावं लागतं. अशा माणसानं इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात लिहायला बसणं हा आगाऊपणाच आहे. त्यात विषय रंगांचा. रंगांवर लिहिण्याचा मला वेगळा संकोच का वाटतो, ते पुढे येईलच. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

सोयाबीन निघालं की देवासच्या हवेत एक बारीक भुकटी तरंगायला लागते. मंडीकडे जाणाऱ्या ट्रॉल्यांतून ती उडते, कॉलरला चिकटते, घशात खवखवते. त्याच दिवसांत देवीच्या टेकडीवर नवरात्राचे दिवे लागतात आणि गल्लोगल्ली गरब्याचे भोंगे. परवा कामावरून परतताना मक्सी रोडवर या भुकटीतून थिनरचा वास आला आणि मी स्कूटर थांबवली. वास आमच्याच शेडमधून येत होता. आत कुणीतरी ट्रॅक्टरच्या बोनेटवर रंग मारत होतं. बाबा नव्हते ते. बाबा बाहेर स्टुलावर बसून एका मडगार्डची पुट्टी घासत होते. पुट्टी, म्हणजे रंगाआधी खाचा बुजवायचा लेप, पांढरी असते. तिला डोळा लागत नाही, नुसता हात लागतो.

एके काळी उलटं होतं. बाबा जळगावकडून कारखान्यातल्या नोकरीसाठी देवासला आले, पेंट शॉपमध्ये लागले, आणि कारखान्यानं माणसं कमी केली तेव्हा मक्सी रोडवर पत्र्याचं शेड टाकून जुने ट्रॅक्टर नवे करायला लागले. घासायला माणूस मिळायचा, वेल्डिंगला शेजारचा मोहन होता, पण रंग फक्त बाबांचा. आणि त्याचा त्यांना गर्व होता. लपवायचेही नाहीत. रस्त्यानं ट्रॅक्टर येताना दिसला की चहाचा ग्लास खाली ठेवून मोठ्यानं सांगायचे, "हा दोनदा रंगवलाय. दुसऱ्यांदा स्वस्तात." मोहन म्हणायचा, "काका, तुम तो भगवान से भी पूछोगे, आसमान में कौन सा शेड मारा." बाबा म्हणायचे, "पूछना क्या है, बता दूँगा."

जुन्या ट्रॅक्टरचा रंग ठरवणं हे मुलीचं स्थळ ठरवण्यासारखं असतं. माणसं येतात, बसतात, दुसरंच बोलतात. बाबा आधी टूलबॉक्सचे स्क्रू काढायचे. उन्हानं वरचा रंग उतरलेला असतो, पण टूलबॉक्सखाली, जिथे ऊन कधी पोचलं नाही, तिथे कारखान्यातून निघाला त्या दिवसाचा रंग चौकोनी तुकड्यासारखा शाबूत असतो. बाबा त्यावर थुंकी लावून अंगठा फिरवायचे आणि मालकाला जवळ बोलवायचे. "देखो. ऐसा आया था तुम्हारे घर."  एक म्हातारा, वडिलांचा ट्रॅक्टर घेऊन आलेला, त्या तुकड्याकडे इतका वेळ बघत राहिला की मोहननं वेल्डिंग थांबवलं.

पण सगळ्यांना तो रंग नको असायचा. कुणाला शेजाऱ्यासारखा हवा, कुणाला मुद्दाम शेजाऱ्यासारखा नको. एक बाई ट्रॉलीत घुंघट घेऊन बसून राहायची आणि नवरा आत-बाहेर करायचा. "वो बोल री है, थोड़ा और गहरा." बाबांनी शेवटी डबाच उचलून ट्रॉलीपाशी नेला. नावांवर मात्र बाबांचा भरवसा नव्हता. लाल म्हणजे कसला लाल? प्रत्येकाच्या डोक्यात वेगळा. म्हणून त्यांची एक रीत होती. रंगाचं नाव सांगायचं नाही, वस्तू आणायची. लोक वस्तू आणायचे. वांगं, विटेचा तुकडा, बायकोच्या लुगड्याची चिंधी, पोपटाचं पीस. त्या वस्तू खिडकीतल्या फळीवर मांडलेल्या असायच्या. बाबा पत्र्याच्या तुकड्यावर वस्तू ठेवायचे, शेजारी रंगाचा थेंब टाकायचे, आणि थेंब वस्तूशेजारी दिसेनासा होईपर्यंत कालवत राहायचे. "नावाशी नाही, वस्तूशी जुळव," हे मी शंभरदा ऐकलं असेल.

मी तेव्हा बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला होतो. दुपारी कॉलेजातून थेट शेडवर. बाबांच्या मनात सरळ हिशेब होता. पोरगा शिकेल, पण डोळा आपला घेईल. शेड चालेल. लोकांसमोर म्हणायचे, "डिग्री उसकी, नज़र मेरी."

मला रंग कसे दिसतात याचा मी तोपर्यंत कधी विचारच केला नव्हता. शाळेत खडूंवर नावं असायची. शेडमध्ये डबे जागेवरून ओळखू यायचे. बाबा म्हणायचे हिरवा आण, की मी खिडकीकडून दुसरा आणायचो. चुकलो की ते म्हणायचे, लक्ष नसतं तुझं. मलाही तसंच वाटायचं. मला वाटायचं रंग ओळखणं हे पाढ्यांसारखं असतं, काही जणांचं पाठांतर चांगलं असतं, माझं कच्चं.

त्या पावसाळ्यात शेड गळलं आणि सगळे डबे दुसऱ्या भिंतीला गेले. अंगावरून ओघळलेल्या रंगांखाली त्यांची लेबलं केव्हाच गेली होती. नवरात्राच्या तोंडावर डहीहून भुवानसिंग आला. डही म्हणजे धार जिल्ह्याचं पार दक्षिणेचं टोक, निमाडच तो. इतक्या लांबचं बाबांचं ते पहिलं काम. भुवानसिंग उंच, कमी बोलणारा. ट्रॅक्टर लाल होता, विटून पार गुलाबी झालेला. त्याला लाल नको होता. "गाँव में लाल बड़े भाई का है," तो म्हणाला. "दूर से दिखे तो लोग बोलते हैं, वो आया बड़ा. मेरे को कोई नहीं बोलता." मग त्यानं खिशातून शेतातली मिरची काढली आणि फळीवर ठेवली. "ऐसा हरा." दसऱ्याच्या पूजेला ट्रॅक्टर दारात हवा, एवढी एकच अट.

बाबांनी ट्रॅक्टर घासून, पुट्टी भरून, प्राइमर मारून तयार केला आणि आडवे झाले. कावीळ. डोळे, नखं, तळहात, सगळं पिवळं. डॉक्टरनं उठायचं नाही म्हणून सांगितलं. मोहन सोयाबीन कापायला गावी गेलेला. घासणारा माणूसही गेलेला. बाबा अंथरुणातून म्हणाले, "मार तू. बघितलंयस इतकी वर्षं. वस्तूशी जुळव."

मला अजून त्या दुपारी आठवतात, आणि सांगायला लाज वाटते की त्या सुखाच्या होत्या. शेडमध्ये मी एकटा. पत्रा तापून कडकड वाजायचा. मी पत्र्याच्या तुकड्यावर मिरची ठेवली. ती थोडी सुरकुतली होती. डब्यांतून एकेक थेंब घेऊन पाहिला. एक थेंब जवळपास बसला. त्यात काळ्याचा कण, पिवळ्याचा कण, पुन्हा काळ्याचा. आणि मग थेंब मिरचीशेजारी दिसेनासा झाला. अगदी बाबांसारखा. मी कॉम्प्रेसर सुरू केला. बोनेटवर रंग ओला चकाकताना पाहिला तेव्हा मनात आलं, नजर आली. घरी जाऊन आईला म्हणालो, "हुबेहूब मिरची." बाबा डोळे मिटून पडले होते, त्यांनी नुसता हात वर केला. धाकटी बहीण नंदा म्हणाली, "मग आता बोर्डावर दादाचं पण नाव टाका."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी भुवानसिंग आला. सोबत मेव्हणा, हातात झेंडूचा हार. मोहनही गावाहून परतला होता. भुवानसिंगनं शेडमध्ये पाऊल टाकलं, ट्रॅक्टरकडे पाहिलं, आणि त्याच्या बाजूनं मागे गेला. मागे भंगार होतं. तो परत आला.

"मेरा वाला कहाँ है?"

मला वाटलं चेष्टा करतोय. "यही तो है."

"ये?"

"जी. मिर्ची से मिला के करा है. देख लो." मी फळीवरची मिरची त्याच्या हातात दिली.

त्यानं मिरची तळहातावर उलटी-पालटी केली. मेव्हण्याकडे पाहिलं. मग हळू आवाजात, आजाऱ्याशी बोलावं तसं, म्हणाला, "भिया, ये तो पक गई."

मला खरंच कळलं नाही. पिकली म्हणजे काय झालं? मी म्हणालो, "हाँ तो, रंग तो वही है ना."

मेव्हणा हसायला लागला आणि मध्येच थांबला. मोहन माझ्याकडे असं बघत होता जसं मी परक्या भाषेत बोललो. भुवानसिंगनं मिरची माझ्या डोळ्यांसमोर धरली. "तेरे को ये हरी दिख री है?"

बाहेर ऑटो थांबल्याचा आवाज झाला होता. बाबा दाराच्या चौकटीला धरून उभे होते. देवीला नैवेद्य दाखवायच्या आत काम बघून येतो म्हणून आईशी भांडून आले होते. गळ्याभोवती मफलर, चेहरा हळदीसारखा. त्यांनी ट्रॅक्टर पाहिला. मिरची पाहिली. मग मला पाहिलं, आणि मला वाटतं त्या एका क्षणात त्यांना माझं सगळं लहानपण दिसलं असावं. सगळे चुकलेले डबे.

"उसको क्या पूछते हो," बाबा म्हणाले. "डब्बा मैंने निकाल के दिया था. परसों आया था इधर, बुखार में. पीलिया है, सब उल्टा दिख रिया था. लड़के ने तो वही मारा जो बाप ने दिया."

 मोहन सकाळीच बाबांना घरी बघून आला होता, ते तोवर अंथरुणातून उठलेच नव्हते हे त्याला माहीत होतं. तो वाकून वेल्डिंगच्या वायरी गुंडाळायला लागला. बाबांनी पुन्हा फुकट रंगवून देतो म्हटलं. भुवानसिंग म्हणाला, कल पूजा है. त्यानं हार रेडिएटरवर टाकला, दोघं चढले, आणि भावाच्या रंगाचा ट्रॅक्टर घेऊन तो डहीच्या लांबच्या रस्त्याला लागला. दिवाळीनंतर येतो म्हणाला. आला नाही.

त्या संध्याकाळी बाबांनी आईला एक ताट मागितलं. त्यात आईची बांगडी ठेवली, कढीलिंबाचं पान, कुंकवाची डबी, नंदाची रिबीन. नंदा गरब्याला गेली होती. "हा?" बाबा विचारायचे. मी सांगायचो. "आणि हा?" मी सांगायचो. परीक्षेत येत असलेली उत्तरं द्यावीत तसा मी आधी भराभर बोललो. मग त्यांचे चेहरे पाहून माझा वेग कमी झाला. शेवटी मी उत्तराऐवजी आईच्या चेहऱ्याकडेच बघून अंदाज करायला लागलो. बाबांनी ताट बाजूला सारलं. म्हणाले, "राहू दे. जेव."

डोळ्यांच्या डॉक्टरांनी ठिपक्यांचं पुस्तक दाखवलं. इतरांना त्यात आकडे दिसतात म्हणे. मला वाळूच दिसली. डॉक्टर भले होते, समजावून सांगत होते, की यात कुणाची चूक नसते, हे आईकडून येतं. "आईला स्वतःला काही होत नाही. मुलीलाही होणार नाही. पण मुलीच्या मुलाला होऊ शकतं." आईनं पदर तोंडाशी नेला. मग तिला एकदम आठवलं, तिचे वडील बाजारात टोमॅटो डोळ्यांनी घ्यायचेच नाहीत, एकेक दाबून बघायचे, आणि भाजीवाल्या ओरडायच्या. सगळे हसायचे. ती हे सांगताना हसली नाही.

बाहेर रस्त्यावर बाबा म्हणाले, "हे आपल्या तिघांत. नंदाचं व्हायचंय." त्यांनी एवढंच म्हटलं. तिलाही सांगायचं नाही, हे न सांगता ठरलं.

निमाडात बातमी आमच्या आधी पोचली होती. देवासच्या रंगवाल्याचे डोळे गेले. कावीळ झालेल्याला सगळं पिवळं दिसतं, याला हिरवं लाल दिसतं. गिऱ्हाईकं बाबांची थट्टा करायची. "काका, चश्मे का नंबर निकल गया क्या? ये बताओ, मेरी बुशर्ट कौन से कलर की?" बाबा हसून सांगायचे, "बुढ़ापा है, भिया." शर्टाचा रंग सांगायचे नाहीत. मी तिथेच उभा असायचो, थिनरच्या कपड्यानं हात पुसत. हात स्वच्छ झाले तरी पुसत राहायचो. हळूहळू लोकांनी साक्षीदार आणायला सुरुवात केली. बाबांनी रंग कालवला की कुणाचा तरी पुतण्या तो तपासून बघायचा. मग रंगाला वेगळा माणूस ठेवावा लागला. बाबा पुट्टीवर आले. टूलबॉक्सखालचा तुकडा दाखवणं त्यांनी बंद केलं.

नंदाचं लग्न धारला झालं. जुनं घराणं, पिढ्यान्‌पिढ्या दरबारच्या नोकरीतलं, आता सासरे मास्तर. त्यांचं मराठी ऐकलं की मला आपली जीभ लपवावीशी वाटते. तिथे सासूला आत्याबाई म्हणतात आणि सासऱ्यांना मामंजी. त्यांच्यासमोर आम्ही आधीच लहान. अक्षता वाटताना नवऱ्या मुलाच्या काकांनी बाबांच्या मुठीकडे बघून मोठ्यानं विचारलं, "काय व्याही, ओळखा पाहू, लाल आहेत की हिरव्या?" धारपर्यंत गोष्ट आलेलीच होती. मांडवात हशा झाला. मामंजीही हसले. बाबा सगळ्यांत जास्त हसले. नंदानं माझ्याकडे पाहिलं, तिच्या डोळ्यांत राग होता, बिचाऱ्या बाबांसाठी. मी मुठीतल्या तांदळांकडे बघत होतो. ते कसले होते ते मला आजही सांगता येणार नाही.

मी आता एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये आहे, आणि एम.ए. बाहेरून करतोय. लपवायला शिकलोय. दुकानात शर्ट घेताना विचारतो, "यातला कोणता चांगला दिसेल?" चौकात सिग्नल असेल तर पुढच्या स्कूटरवर नजर ठेवतो. लोकांना मी फार विचारी वाटतो. घरी आम्ही त्या गोष्टीबद्दल बोलत नाही. बाबांनी एकदाही टोमणा मारला नाही, आणि तेच जड जातं. रागावले असते तर आपण काही फेडलं असं तरी वाटलं असतं. त्यांनी आपली सगळ्यांत आवडती गोष्ट माझ्यावर पांघरूण म्हणून घातली, आणि त्याखाली मी इतकी वर्षं ऊबेत बसून राहिलो.

नवरात्र बसलं त्या दिवशी नंदाचा फोन आला. तिचा आवाज बारीक होता, दार लावून बोलत असावी. तिचा चिन्मय केजीत आहे. शाळेत झाड काढायला सांगितलं तर त्यानं सगळी पानं तांबडी रंगवली, आणि बाईंनी विचारल्यावर म्हणाला, हिरवीच आहेत की. डॉक्टरकडे नेलं. ठिपक्यांचं पुस्तक.

"डॉक्टर विचारत होते, मामाला आहे का," नंदा म्हणाली. "मी नाही म्हटलं. मग घरी येऊन विचार करत बसले. दादा, त्या डहीच्या ट्रॅक्टरचा डबा खरंच बाबांनी काढून दिला होता, की तू घेतलास?"

मी स्वयंपाकघराच्या दाराशी उभा होतो. आत आई दिव्यात तेल घालत होती. बाबा पलीकडे पाय चेपत बसले होते. पांघरूण अजूनही होतं, मला फक्त ते ओढून घ्यायचं होतं.

"मी," मी म्हणालो. "रंग मारून होईपर्यंत बाबा शेडवर आलेच नव्हते."

पलीकडे तिनं दाराची कडी पुन्हा ओढून बघितल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "आता मी इथे काय सांगू?" मी म्हणालो, "जे आहे ते." तिनं फोन ठेवला. रागानं ठेवला की रडू आलं म्हणून, ते समजलं नाही.

त्यानंतर मी हे लिहायला घेतलं. लिहिताना कान फोनकडे होता. नंदाला आता त्या घरात काय ऐकावं लागत असेल, आत्याबाई काय म्हणत असतील, त्या पोराला कुणी ताट भरून वस्तू दाखवत असेल का, हे सगळं मनात फिरत होतं. बाबांना मी काही सांगितलं नव्हतं. रोज सकाळी ते शेडवर जात होते, संध्याकाळी पांढरे हात घेऊन येत होते.

काल रात्री जेवणं होताना फोन वाजला. या वेळी नंदाचा आवाज नेहमीसारखा होता, मागे भांड्यांचा आवाज, चिन्मयचा आरडाओरडा. तिनं घरात सगळं सांगितलं होतं. डहीचा ट्रॅक्टर, ऑटोतून उतरलेले बाबा, मामाबद्दल डॉक्टरांनी विचारलेलं, सगळं, जेवढं तिला माझ्या एका वाक्यावरून जुळवता आलं तेवढं. आत्याबाई रुसून दिवसभर बोलल्या नव्हत्या, अजूनही पुरत्या बोलत नाहीत. मामंजी मात्र ऐकून उठून अंगणात गेले, बराच वेळ फेऱ्या मारत राहिले. मग आत येऊन नंदाला म्हणाले, "म्हणजे तुझ्या वडिलांची नजर कधी गेलीच नव्हती. आणि मी माझ्या घरच्या मांडवात त्यांना हसलो."

ते दसऱ्याला देवासला येताहेत, नंदा म्हणाली. बाबांना भेटायला. मोटार करून नाही, सकाळच्या बसनं, एकटेच.